परत आणा, पण पुसू नका

अमेरिकी कॉमिक्स कंपनी मार्व्हलने आपलं नवं अल्टिमेट विश्व, म्हणजे मुख्य मालिकांपासून वेगळ्या जगात घडणाऱ्या कथा, २०२६ मध्ये आटोपतं घ्यायचं जाहीर केलं आणि चाहत्यांचे लगेच दोन तट पडले. एका तटाची तक्रार अशी की दोन वर्षं अंकामागून अंक वाचले, पीटर पार्करच्या दोन्ही लेकरांवर जीव लावला, आणि आता ते जगच गुंडाळणार असतील तर सगळं फुकट गेलं. दुसरा तट म्हणतो, फुकट जायला ते आधी खरं तरी कुठे होतं? खरा स्पायडरमॅन मुख्य मालिकेतला, बाकी सगळा लुटुपुटूचा खेळ. मग पहिले उसळून विचारतात, तुमच्या मुख्य मालिकेत तरी काय टिकतं? मेलेली माणसं उठून बसतात, लग्नं नाहीशी होतात, अंकांचे आकडे दर तीन-चार वर्षांनी पुन्हा एकपासून सुरू होतात. याला दुसऱ्यांकडे उत्तर नसतं, म्हणून ते पहिल्यांना नवशिके ठरवतात आणि वाद तिथेच कुजतो.

गंमत म्हणजे दोन्ही तटांनी एक गोष्ट न तपासताच मान्य करून टाकली आहे: जे कायम टिकेल तेच खरं घडलं. माझा झगडा या गृहीतकाशी आहे. मेलेलं पात्र परत येणं हा कथेचा गुन्हा नाही. एखादं विश्व ठरवून संपवणं हाही नाही. गुन्हा आहे तो जगलेलं पुसून टाकणं, म्हणजे जे घडलं ते कुणालाच आठवत नाही आणि त्याची किंमत कुणीच मोजलेली नाही, अशी पाटी कोरी करणं. परत येणं आणि पुसलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाल्यामुळे आपण चांगल्या अंकांना शिव्या घालतो आणि वाईट अंकांना भलत्याच कारणासाठी माफ करतो.

आधी विरोधकांचा सगळ्यात बळकट मुद्दा घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. मरण टिकत नसेल तर धोका कसला, आणि धोका नसेल तर शौर्य कसलं? २०२३ मध्ये 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या २६व्या अंकात कमला खान, म्हणजे मिस मार्व्हल, मेली. दुसऱ्याच्या मालिकेत मेली. त्या मालिकेत तोवर ती ऑस्कॉर्प कंपनीतली एक इंटर्न म्हणून अधूनमधून दिसायची, तेवढाच तिचा वावर. आणि मेली तीही पीटरचं जुनं प्रेम असलेल्या मेरी जेनचं रूप घेऊन. मरताना स्वतःचा चेहराही तिच्या वाट्याला आला नाही. दोनेक महिन्यांत एक्स-मेन या दुसऱ्याच चमूच्या विशेषांकात ती जिवंत झाली आणि लगेच तिची नवी मालिका जाहीर झाली. हे वाचून ज्याचा विश्वास उडाला, त्याला मी दोष देणार नाही. पण नीट पाहा, त्या अंकात नेमकं काय खटकतं? ती परत आली हे? मला तरी ते खटकलं नाही. ती परत येणार हे सगळ्यांनाच माहीत होतं. खटकतं ते हे, की तिच्या जाण्याने त्या मालिकेतलं काहीच हललं नाही. ज्या घरात ती मेली त्या घरात तिची खोलीच नव्हती. ती कधीच परत आली नसती तरी तो अंक तितकाच पोकळ राहिला असता. मग कायमपणाने तिथे काय वाचवलं असतं?

आता याच्या उलट टोकाचं उदाहरण. १९९२च्या नोव्हेंबरात विक्रीला आलेला 'सुपरमॅन' ७५. जगातलं सगळ्यात खोटं मरण म्हणून ज्याची टिंगल होते तो हा अंक. काळ्या पिशवीत घालून, आत शोकाची काळी पट्टी ठेवून विकला गेला, लाखोंनी खपला, आणि कित्येकांनी पुढे भाव येईल म्हणून पिशवी उघडलीसुद्धा नाही. (ज्यांनी पिशवी उघडली नाही त्यांनीच 'आमची फसवणूक झाली' म्हणून सर्वांत मोठा गळा काढला, हा माझा जुना संशय आहे.) पण ज्यांनी उघडली त्यांना काय मिळालं? त्याआधीच्या अंकांपासून एक मोजणी चालू होती. एका अंकात प्रत्येक पानावर चार चौकटी, पुढच्यात तीन, त्यापुढच्यात दोन, आणि ७५व्या अंकात पानाला एकच. जसजसं मरण जवळ येतं तसतशी पानावरची हवा विरळ होत जाते, डोळ्याला थांबायला जागा उरत नाही, प्रत्येक ठोसा अख्खं पान व्यापतो. डॅन जर्गेन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ही रचना चार वेगवेगळ्या मासिकांमधून पेलली. त्यानंतर महिनोन् महिने सुपरमॅन नसलेल्या शहराचा शोक आला. तो परत येणार हे माहीत असताना आज ते अंक वाचले तरी ही मोजणी तितकीच आवळते. परतण्याने त्यातलं काय कमी केलं?

आणि परतणंही फुकट नव्हतं. सुपरमॅनच्या पुनरागमनाच्या त्याच कथानकात १९९३ मध्ये कोस्ट सिटी हे सबंध शहर बेचिराख झालं. ते हॅल जॉर्डनचं, म्हणजे ग्रीन लँटर्नचं गाव. त्या दुःखाने हॅल पुढच्याच वर्षी वेडापिसा होऊन आपल्याच सहकाऱ्यांवर उलटला, आणि ग्रीन लँटर्नची सगळी घडी त्यापायी विस्कटली. म्हणजे ज्या मरणाला आपण खोटं म्हणतो त्याच्या परिणामांनी दुसऱ्या एका मालिकेचा नायक खलनायक झाला आणि दशकभर आपल्या जागी परतला नाही. हॅललाही पुढे परत आणलं, हे खरं. पण तो परत आला तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं की या माणसाने काय केलं आहे, आणि बॅटमॅनसारख्याने ते त्याला बरेच दिवस विसरू दिलं नाही. खातं बंद झालं नव्हतं, पुढच्या पानावर ओढलं गेलं होतं.

जेसन टॉडची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १९८८ मध्ये बॅटमॅन आणि सुपरमॅनची प्रकाशक कंपनी डीसीने वाचकांना फोनवर मत द्यायला सांगितलं, दुसरा रॉबिन जगावा की मरावा. ५,३४३ मतं मरणाच्या बाजूने, ५,२७१ जगण्याच्या. ७२ मतांनी एक पोर मेलं. पुढची सतरा वर्षं त्याचा पोशाख बॅटमॅनच्या गुहेत काचेच्या पेटीत उभा होता आणि ज्या चित्रकाराने गुहा काढली त्याला ती पेटी काढावी लागली. २००५ मध्ये जेसनला परत आणलं तेव्हा 'आता त्या पेटीला अर्थ काय' असा ओरडा झाला होता. पण परत आलेल्या जेसनने बॅटमॅनला जे विचारलं ते मेलेला जेसन विचारूच शकला नसता. मला वाचवू शकला नाहीस ते एक वेळ सोडून देतो, पण ज्याने मला मारलं तो अजून जिवंत कसा? हा प्रश्न बॅटमॅनच्या सगळ्या नीतीच्या मुळाशी जातो. परतण्याने इथे मरण हलकं झालं नाही. उलट त्याला पहिल्यांदा तोंड फुटलं.

'परतणं म्हणजेच फसवणूक' म्हणणाऱ्यांना कॉमिक्सच्या बाहेरचाही एक दाखला द्यावासा वाटतो. आर्थर कॉनन डॉयलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकललं आणि १९०३ मध्ये परत काढलं. कारण उघड होतं, मागणी होती आणि पैसा होता. तरी ती परतीची कथा आजही का चालते? वॉटसन होम्सला समोर पाहून बेशुद्ध पडतो म्हणून. होम्स नसतानाची तीन वर्षं वॉटसनने खरोखर जगलेली आहेत. त्या काळात त्याची बायको गेली आहे, आणि होम्स आला म्हणून ती परत येत नाही. मेलेला माणूस आला, पण मधला काळ जिथल्या तिथे राहिला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मासिकात लिहिणाऱ्या माणसाला जे जमलं, ते आजच्या संपादकांना का जमू नये?

जमतं, आणि त्याचे अलीकडचे दोन पुरावे समोर आहेत. २०१८ ते २०२१ या काळात अल् एविंगने 'इमॉर्टल हल्क'चे पन्नास अंक लिहिले. हल्क मरत नाही, हे सगळ्यांनाच माहीत होतं. एविंगने तीच गोष्ट उचलून भयकथेचा पाया केली. गॅमा किरणांनी बदललेली माणसं मेली की एका हिरव्या दारातून परत येतात, आणि त्या दाराच्या पलीकडे जे आहे ते पाहिल्यावर परत येणं हे वरदान वाटत नाही. जो बेनेटची चित्रं पाहताना कित्येकदा पान उलटावंसं वाटत नाही, आणि तरीही उलटलं जातं. दुसरा पुरावा एक्स-मेनचा. २०१९ पासून जोनाथन हिकमनने क्राकोआ बेटावर मरणच रद्द करून टाकलं. पाच म्युटंट, म्हणजे जन्मजात शक्ती असलेली माणसं, एकत्र येऊन मेलेल्याचं शरीर पुन्हा घडवतात आणि सेरेब्रो या यंत्रात साठवलेलं मन त्यात ओततात. कित्येकांनी तेव्हाच पुस्तक मिटलं: आता धोकाच नाही, तर वाचायचं कशाला? पण त्या व्यवस्थेत एक बारीकशी फट ठेवली होती. मनाची शेवटची नोंद झाल्यापासून मरेपर्यंत जे जगलात ते गेलं. शरीर येतं, सवयी येतात, पण त्या मधल्या काळात कुणाशी भांडलात, कुणाला काय कबूल केलंत, ते कायमचं बुडालं. हिकमन आणि त्याच्या सोबतच्या लेखकांना नेमकं कळलं होतं की मरण हा तोटा नव्हे. जगलेलं हरवणं हा तोटा आहे.

आणि इथे मी माझ्या विरुद्ध बाजूला येऊन बसतो, कारण कायमपणाची बाजू घेणाऱ्यांचा राग बिनबुडाचा नाही. त्यांना जे दुखतं ते खरंच दुखण्यासारखं आहे. फक्त ते बोट भलतीकडे दाखवतात.

स्पायडरमॅनचं लग्न घ्या. १९८७ मध्ये पीटर आणि मेरी जेनचं लग्न झालं. वीस वर्षं ते नवराबायको होते. एक अख्खी वाचकांची पिढी त्यांच्याबरोबर मोठी झाली. २००७ मध्ये मेफिस्टो नावाच्या सैतानाशी करार होऊन, मे काकूच्या जिवाच्या बदल्यात ते लग्नच इतिहासातून नाहीसं झालं. संपादकांचा युक्तिवाद असा होता, की लग्न झालेला पीटर म्हातारा वाटतो, घटस्फोट दिला तर आणखी म्हातारा वाटेल, विधुर केला तर त्याहून. युक्तिवाद अगदीच चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. त्यानंतर काही सुरेख अंक आले. मार्कोस मार्टिनने काढलेला, वर्तमानपत्राचा संपादक जेमसन याच्या बायकोच्या, मार्लाच्या, अंत्ययात्रेचा निःशब्द भाग आठवला तरी पुरे. पण पाहा: घटस्फोटाने पीटर म्हातारा झाला असता, हे बरोबर, म्हणजे त्याच्यावर काहीतरी उमटलं असतं. ते उमटू नये म्हणूनच सैतान बोलवावा लागला. गुन्हा लग्न मोडण्यात नाही. लग्नं मोडतात. गुन्हा हा, की ज्यांचं मोडलं त्यांनाच ते झालेलं ठाऊक नाही. दोघांनी एकमेकांसाठी केवढा त्याग केला, आणि त्या त्यागाला साक्षीदार कोण? फक्त वाचक. आणि वाचकाला सांगितलं गेलं, तूही विसर. मग पुढे सतरा-अठरा वर्षं प्रत्येक लेखकाने त्या जखमेशी चाळा केला. कधी दोघांना जवळ आणलं, कधी मेरी जेनला दुसऱ्या मितीत दुसऱ्या पुरुषाबरोबर संसार करायला लावला, आणि प्रत्येक वेळी अखेर येरे माझ्या मागल्या.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, अहो, सुपरहीरो म्हणजे आजची पुराणं. पुराणातले देव कुठे म्हातारे होतात? हे वाक्य आता इतकं झिजलं आहे की ते उच्चारणाऱ्याने एकही पुराण शेवटपर्यंत वाचलं नसावं असं वाटतं. कृष्ण जरा नावाच्या व्याधाच्या बाणाने मरतो, तेही सगळं यादवकुळ आपसात लढून संपल्यावर. पांडव महाप्रस्थानाच्या वाटेवर एकेक करून कोसळतात आणि मागे वळून कुणी पाहत नाही. लोकगाथेतला रॉबिन हूड उपचाराच्या मिषाने रक्त काढून मारला जातो. पुराणांना शेवट असतो आणि तो सगळ्यांना माहीत असतो. तरी लोक पुन्हा पहिल्यापासून ऐकतात. पुराणांचा आधार घ्यायचा असेल तर तो माझ्या बाजूचा आहे, जैसे थे ठेवणाऱ्यांच्या बाजूचा नाही.

याहून जड आक्षेप इटालियन लेखक उंबेर्तो एकोने १९६२ मध्येच नोंदवून ठेवला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: माणूस काही करतो तेव्हा तो थोडा खर्ची पडतो, मरणाच्या थोडा जवळ जातो. सुपरमॅन दर महिन्याला विकायचा असेल तर तो खर्ची पडता कामा नये. म्हणून त्याच्या कथा स्वप्नासारख्या धूसर काळात घडतात, आधी काय आणि नंतर काय ते कळू नये अशा बेताने. हे निदान अचूक आहे. पीटर पार्कर १९६२ मध्ये पंधरा वर्षांचा होता. वर्षागणिक वाढवला असता तर आज तो स्वतःच्या नातवंडांना भिंतीवर चढू नका म्हणून ओरडत असता. काळ धूसर ठेवावा लागतो, हे मला मान्य. पण काळ धूसर करणं आणि घटना पुसणं एक नाही. पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी कोणत्या साली मेली हे पीटरला सांगता येणार नाही, पण ती मेली हे तो विसरत नाही. १९७३च्या त्या अंकात, १२१व्यात, पुलावरून पडणाऱ्या ग्वेनला पीटर जाळ्याने धरतो आणि तिच्या मानेशी एक छोटासा आवाज छापला आहे. मग तिला मारलं कुणी, खाली ढकलणाऱ्याने की वाचवणाऱ्याने? दोनच वर्षांत ग्वेनची हुबेहूब प्रतिकृती मालिकेत हिंडत होती. तेव्हापासून तिच्या किती आवृत्त्या झाल्या ते मोजण्यात अर्थ नाही. त्या आवाजाला धक्का लागलेला नाही, कारण तो पीटरच्या कानात राहिला. एकोचा नायक खर्ची पडत नाही. पण त्याला आठवण दिली की तो निदान जड होतो.

मग नवी विश्वं आवडतात ती का? 'जुनं ओझं फेकून दिलं म्हणून', हे नेहमीचं उत्तर मला पटत नाही. २०२४च्या जानेवारीत आलेल्या हिकमन आणि मार्को चेकेटोच्या 'अल्टिमेट स्पायडरमॅन'मध्ये पीटर पस्तिशीतला, नवरा, बाप आहे. मेरी जेन आहे, रिचर्ड आणि मे ही मुलं आहेत, बेन काका जिवंत आहे आणि जेमसनबरोबर जुनं वर्तमानपत्र सोडून स्वतःचं काढायच्या खटपटीत आहे. कोळी पीटरला चावतो तो पहिल्या अंकाच्या शेवटी. तोवर आपण फक्त एका संसारी माणसाची कसली तरी हुरहुर वाचत असतो. अंक दर महिन्याला यायचा आणि कथेतलाही महिना उलटायचा. चौथ्या अंकात तर दोन जोडपी जेवायला बसतात आणि बोलत राहतात, बस्स. एकही इमारत कोसळत नाही. तो अंक मी दोनदा सलग वाचला. ओझं नाही म्हणून तो चालतो का? उलट, तो ओझ्याने ओथंबलेला आहे. हॅरी ऑस्बॉर्न आणि त्याची बायको ग्वेन टेबलापलीकडे बसले आहेत आणि या दोघांचं दुसऱ्या एका जगात काय झालं ते आपल्याला पाठ आहे. हे जग नवं आहे, पण वाचकाची पाटी कोरी असावी असा त्याचा आग्रह नाही. (दुसऱ्या वर्षात मालिकेने दम टाकला, हेही सांगायला हवं. महिन्याला महिना लावण्याच्या नियमापायी मोठमोठ्या गोष्टी दोन अंकांच्या मधल्या फटीत घडून जातात आणि आपल्याला त्यांची नुसती बातमी कळते. नियम मोडायचं धाडस तिथे हवं होतं.)

डीसीची अॅब्सोल्यूट मालिका २०२४च्या ऑक्टोबरपासून दुसऱ्या वाटेने त्याच जागी पोचते. स्कॉट स्नायडर आणि निक ड्रागोटाचा ब्रूस वेन श्रीमंत नाही. आई जिवंत आहे, वाडा नाही, छातीवरचं वटवाघूळ म्हणजे चक्क कुऱ्हाडीचं पातं. स्नायडरला हळू आवाजात बोलता येत नाही आणि त्याचा बॅटमॅन कधीकधी माणसापेक्षा बांधकामाची यंत्रसामग्री वाटतो, तरी एक गोष्ट त्याने घट्ट धरली आहे. ज्यांना आपण शत्रू म्हणून ओळखतो ते वेलन, ऑझवल्ड, हार्वी, एडवर्ड इथे ब्रूसचे लहानपणचे मित्र आहेत. बेन नावाचा खलनायक येतो तेव्हा ब्रूसच्या हट्टाची किंमत या मित्रांना मोजावी लागते, आणि पुढच्या अंकात ती कुणी विसरत नाही. केली थॉम्पसन आणि हेडन शर्मनची डायना, म्हणजे वंडर वुमन, नरकात वाढली आहे. एका माणसाला तिथून बाहेर काढण्यासाठी तिने आपला हात दिला. तो हात परत उगवलेला नाही. माझ्या मते सध्या दर महिन्याला येणाऱ्या सुपरहीरो अंकांत याच्या तोडीचं दुसरं काही नाही, आणि कारण साधं आहे. तिच्या दयेचा हिशेब तिच्या शरीरावर लिहिला आहे.

आता माझ्या म्हणण्यावरचा खरा घाव. कुणी विचारेल: पुसणं इतकं वाईट, तर १९८५ चं काय? डीसीने मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझच्या हातून 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स'च्या बारा अंकांत पन्नास वर्षांचा पसारा पुसला. त्या कोऱ्या पाटीवर जॉन बर्नचा सुपरमॅन आला, पेरेझची वंडर वुमन आली, त्याच सुमाराला बॅटमॅनचं पहिलं वर्ष नव्याने लिहिलं गेलं. पुसलं नसतं तर हे झालं असतं का? कदाचित नसतं. मी हे नाकारू शकत नाही आणि नाकारायचंही नाही. कधीकधी घर पाडूनच बांधावं लागतं.

पण त्याच बारा अंकांमध्ये एक प्रयोग नकळत होऊन गेला आहे, आणि माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. सातव्या अंकात सुपरगर्ल मेली. आठव्यात फ्लॅश, बॅरी अॅलन. एकाच लेखक-चित्रकाराच्या हातून, एका महिन्याच्या अंतराने, दोघांनीही जग वाचवताना जीव दिला. फरक नंतर पडला. नव्या इतिहासात बॅरी होऊन गेला होता. सगळ्यांना आठवत होता. त्याच्या बायकोचा भाचा वॉली वेस्ट त्याच्या पोशाखात शिरला आणि वर्षानुवर्षं त्याला पूर्ण वेगाने धावता येईना. का, तर आपण बॅरीची जागा खरोखरच घेऊन बसू या भीतीने. ती गाठ सुटायला १९९३ उजाडलं. मेलेल्या बॅरीने वॉलीच्या मालिकेला वीसेक वर्षं पुरेल एवढी ऊब दिली. २००८ मध्ये बॅरी परत आला. त्यानेही फारसं बिघडलं नसतं. बिघडलं २०११ मध्ये, जेव्हा पुन्हा पाटी पुसली गेली आणि वॉली, त्याचं लिंडाशी झालेलं लग्न, जुळी मुलं, सगळं कुटुंब 'कधी नव्हतंच' झालं. पाच वर्षांनी वॉली परत आला त्या अंकाने पक्क्या टीकाकारांनाही रडवलं. तो लिंडासमोर उभा राहतो आणि ती त्याला ओळखत नाही. बॅरी ओळखतो, आणि त्या ओळखण्यानेच वॉली जगात परत ओढला जातो. पुसणाऱ्यांनी स्वतःच लिहिलेली ही कबुली आहे.

सुपरगर्लचं काय झालं? नव्या इतिहासात सुपरमॅनच्या जन्मग्रहावरून, क्रिप्टॉनवरून, फक्त एकच जण वाचला होता. म्हणजे कारा, ही सुपरगर्ल, नव्हतीच. तिच्या मरणाचं दुःख करायला कुणी उरलं नाही, कारण जी जन्मलीच नाही तिच्यासाठी कोण रडणार? तिचा देह हातांवर घेऊन उभा असलेला सुपरमॅन, पेरेझने काढलेलं ते मुखपृष्ठ, आजही जिकडेतिकडे दिसतं. पण त्यातल्या सुपरमॅनलाही पुढे ती आठवत नव्हती. बॅरीच्या मरणातून एक अख्खी मालिका निघाली. काराच्या मरणातून काय निघालं?

एक छोटीशी कथा निघाली. क्रायसिसनंतर काही वर्षांनी, ख्रिसमसच्या एका विशेषांकात, अॅलन ब्रेनर्टने लिहिलेली आणि डिक जॉर्डानोने काढलेली. डेडमॅन, म्हणजे कुणालाच न दिसणारं भूत, सणाच्या दिवशी स्वतःची कीव करत भटकतो आहे. लोकांसाठी एवढं करतो आणि कुणाला पत्ता नाही. तेवढ्यात एक सोनेरी केसांची मुलगी त्याच्याशी बोलायला लागते, म्हणजे तिला तो दिसतो. ती त्याला सांगते की कुणी आभार मानावेत म्हणून आपण हे करत नाही, आपण कधी होतो हे कुणाला ठाऊक नसलं तरी ते करायचं असतं. ती निघते तेव्हा डेडमॅन विचारतो, तू कोण? ती म्हणते, माझं नाव कारा, पण तुला त्यावरून काही कळेल असं वाटत नाही.

डेडमॅनला खरंच काही कळलं नाही. कथेत कुठेही तिचा पोशाख नाही, आडनाव नाही, खुलासा करणारी तळटीप नाही. संपादकांनी पुसलेली मुलगी काही पानं रस्त्यावरून चालत गेली, आणि ज्यांनी सातवा अंक वाचला होता त्यांनी तिला ओळखलं.